वाळूच्या बागेत ठेवलेला शब्द

एका राज्यात एक शब्द मरत नव्हता. माणसं मरत, गुरं मरत, उन्हाळ्यात तळ्यातले मासे उलटे होऊन वर येत. पण राजवाड्यात बोललेला तो एक शब्द काही केल्या मरेना. हे असं कसं झालं, ते आधी ऐका.

त्या राज्याचा राजा भद्रकेतू. त्याचा आजा मोठा लबाड होता. कालजिव्ह नावाच्या मांत्रिकाकडून त्याने शत्रूची अख्खी फौज दगडाची करून घेतली. काम झालं की तुझ्या बंदिवान भावाला सोडीन, असं तो म्हणाला होता. काम झालं, आणि भर दरबारात आजाने हात झटकले. म्हणाला, "मी असं बोललोच नव्हतो." मांत्रिक वादाला उभा राहिला नाही. त्याने किल्ल्याच्या तळघरात मातीचा एक रांजण पुरला, त्यावर शिक्का मारला, आणि या रांजणात हरवलेले आवाज साठवलेत, एवढी वार्ता पसरवून तो निघून गेला.

दोन पिढ्या त्या रांजणाला कुणी हात लावला नाही. मग भद्रकेतूची राणी सुवेणी बाळंतपणात गेली. मागे मुलगी राहिली, कुमुदा. बारा वर्षं राजाने मन आवरलं. राज्य केलं, मुलीला घोड्यावर बसायला शिकवलं, तिच्या भातुकलीत लटका भातही खाल्ला. पण बाराव्या वर्षी त्याला राणीचा आवाज आठवेनासा झाला. चेहरा आठवे, चाल आठवे, हसताना पदर तोंडाशी नेण्याची सवय आठवे. आवाज मात्र कुठे गेला कोण जाणे. तेव्हा राजा स्वतः कुदळ घेऊन तळघरात उतरला आणि त्याने रांजण उकरून वर काढला.

कुमुदा त्याच्या मागोमाग उतरली. तिने रांजणाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"बाबा, शिक्का फोडू नका. मला भीती वाटते."

"सोड, कुमुदा."

"नाही सोडणार."

ओढाताणीत रांजण निसटला, फरशीवर आपटला आणि फुटला. आत काही नव्हतं. राणीचा आवाज नव्हता, साधा उसासाही नव्हता. राजाने त्या खापऱ्यांकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "तू जन्मलीच नसतीस तर बरं झालं असतं."

एका खापरीच्या आतल्या बाजूला मांत्रिकाच्या हातचं लिहिलेलं होतं: रांजण फुटल्यावर या घरात जो पहिला शब्द बोलला जाईल, तो मरणार नाही. हे वाचेपर्यंत फार उशीर झाला होता.

त्या दिवसापासून तो शब्द कुमुदाच्या मागे लागला. ती जेवायला बसली की डोक्यावरून राजाच्या आवाजात येई, "तू जन्मलीच नसतीस तर बरं झालं असतं." ती वेणी घालून घेत असली की येई. देवळात गेली तर गाभाऱ्यातून येई. आणि तोच शब्द राजाच्याही मागे होता, कारण बोलणारा तो होता. राजाने मुलीचे पाय धरले. म्हणाला, "बाळ, तसं मला म्हणायचं नव्हतं." तसा शब्द दुप्पट जोराने गरजला. राजा जे काही उत्तर देई, ते खाऊन तो धष्टपुष्ट होई. मांत्रिक आले, वैदिक आले, नगारे बडवून त्याला हाकलू पाहणारे आले. सगळे कानात बोळे घालून परत गेले.

कुमुदाने अन्न टाकलं, बोलणं टाकलं. मग तिची सावली झिजू लागली, रोज एक बोट. राजवैद्याने सावली मोजली आणि तो खाली मान घालून म्हणाला, "महाराज, सावली सरेल त्या दिवशी राजकन्या सरेल."

राजाच्या तळ्यावर एक क्रौंच पक्षी उतरत असे. तो माणसासारखा बोले. त्याचं कुणाला नवल नव्हतं. तो राजाला म्हणाला, "राजा, उगवतीच्या समुद्रात बेटं आहेत. पुढे कधीतरी लोक त्यांना जपान म्हणतील. तिथे डोंगराच्या कुशीत एक देऊळ आहे, देवळामागे वाळूची बाग आहे. न मरणारे शब्द लोक तिथे नेऊन ठेवतात."

"ठेवले की ते राहतात?"

"राहतात. पण ज्याचा शब्द, त्यानेच न्यायचा. सैन्य नेऊ नकोस, चाकर नेऊ नकोस."

राजाने कुमुदाचा निरोप घेतला. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिची सावली तेव्हा कमरेपर्यंतच उरली होती. राजा गलबतात बसला, आणि शब्द शिडावर बसला. वाटेत खलाशांनी राजापुढे हात जोडले, "महाराज, आम्हाला कुठेही उतरवा, पण हे ऐकवू नका." शेवटी राजा एकटाच सुकाणू धरून त्या बेटाला लागला.

उन्हाळा भर माथ्यावर होता. उकाड्याने अंगाला कपडा चिकटत होता. देवदाराच्या झाडांत किडे एकसुरात किर्र करत होते, आणि त्या किर्र आवाजामुळे आजूबाजूची शांतता जास्तच जाणवत होती. राजा दगडी पायऱ्या चढून गेला. वर लाकडी दरवाजा होता, त्याच्या कमानीखाली माणसाएवढी काशाची घंटा टांगलेली होती, आणि तिच्यापुढे दोरांनी बांधलेला एक ओंडका होता.

आता भद्रकेतू आपल्याकडचा माणूस. देवळाच्या दारात पाऊल टाकलं की आधी घंटा, मग नमस्कार, हे हाडीमाशी मुरलेलं. मनात मुलगी, डोळ्यांत पाणी. देवाला हाक ऐकू जावी म्हणून त्याने ओंडका मागे ओढला आणि सगळं बळ लावून घंटेवर हाणला. घंटेचा आवाज डोंगरभर गेला. झाडांतले किडे एकदम थांबले.

आतून एक म्हातारी धावत आली. डोकं तुळतुळीत, अंगावर करडं वस्त्र, हातात दाताळं. ती त्या देवळाची भिक्षुणी. तिचं नाव तोमे.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही, आजी. मी दर्शनाला आलो."

तोमे मटकन खाली बसली. "इथे कुणी मेलं म्हणजेच घंटा वाजते. ज्याचा शब्द इथे धोंडा होऊन बसलेला असतो, तो माणूस मेला की त्याचा धोंडा उठतो आणि त्याच्यासोबत जातो. तू सगळ्यांना एकदम उठवलंस."

राजाने तिच्यामागे पाहिलं. पांढरी वाळू आखून रेखून पसरलेली होती, तिच्यात लाटांसारख्या रेषा ओढलेल्या होत्या, आणि मधून मधून शेवाळाच्या कडा असलेले काळे धोंडे बसलेले होते. ते धोंडे आता हलत होते. रेषा विस्कटत होत्या. एकेका धोंड्यातून शब्द वर येत होता, ज्याचा त्याच्या आवाजात. एका बाईचा आवाज म्हणत होता, "याचं ताट वेगळं वाढा." एका वैद्याचा आवाज म्हणत होता, "काही होत नाही तिला, सोंग करते." एका भावाचा म्हणत होता, "हा कोण? मी याला ओळखत नाही." आणि त्या सगळ्या कल्लोळावर भद्रकेतूचा शब्द आनंदाने नाचत होता.

राजा तिथेच पायरीवर कोसळला. एक शब्द ठेवायला आला होता. शेकडो उठवून बसला होता. आपल्या हाताला यशच नाही, हे त्याला त्या दिवशी पक्कं कळलं. तो म्हणाला, "आजी, मला शासन करा."

"शासन करून काय होणार? तीन कामं आहेत. तीनही झाली तर तुझा शब्द इथे बसेल. पहिलं काम, रेषा पूर्ववत कर. शब्दाला बसायला जागा लागते. बागेत तुझं एकही पाऊल उमटलेलं दिसता कामा नये."

तिने दाताळं त्याच्या हातात दिलं. राजाने वहाणा काढल्या आणि रेषा ओढायला घेतल्या. दुपारी त्याने वळून पाहिलं तर आपल्याच पावलांनी सगळं तुडवलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वाळू उन्हाने तापलेली, तळव्यांना फोड आलेले, डोक्यावर तो शब्द. तिसऱ्या दिवशी क्रौंच आला. तो पंख मिटून कुंपणावर बसला.

"राजा, सावली गुडघ्यापर्यंत उरली."

राजाने दाताळं फेकून दिलं. "माझ्याच्याने होत नाही. मी पुढे जातो आणि मागचं बिघडतं."

ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली तोमे म्हणाली, "मग मागे सर."

भद्रकेतू जन्मात कधी मागे सरला नव्हता. रणात नाही, दरबारात नाही, मुलीशी हट्ट करतानाही नाही. त्याने दाताळं उचललं, धोंड्याकडे तोंड केलं आणि एकेक पाऊल मागे घेत रेषा ओढत निघाला. आपलं पाऊल उमटे आणि आपल्याच दाताळ्याने पुसलं जाई. संध्याकाळी तो पाठमोरा ओसरीला येऊन टेकला, तेव्हा बाग निर्मळ झाली होती. त्याला त्याचा आनंद झाला नाही. धोंडे ओरडतच होते.

"दुसरं काम," तोमे म्हणाली. "ओसरीवर बस आणि यांचं ऐकून घे. एकेकाचं. पुरतं ऐकलं की तो शब्द आपोआप खाली बसतो."

"एवढंच?"

"एवढंच. उत्तर द्यायचं नाही."

राजा मांडी घालून बसला. पहिला शब्द आला, "याचं ताट वेगळं वाढा." कुण्या पोरक्या पोराला कोपऱ्यात जेवायला बसवलेलं राजाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तो न राहवून म्हणाला, "बाई, लेकराला असं कुणी बोलतं का?" धोंडा फुगून दुप्पट झाला. दुसरा शब्द आला. या वेळी राजा समजूत घालू गेला, "असू दे, चुकतं माणसाचं." तोही धोंडा फुगला. तोमेने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

जन्मभर ज्याने शेवटचा शब्द आपलाच ठेवला, त्याला गप्प बसणं म्हणजे काय कष्ट असतात, ते राज्य केलेल्यांनाच ठाऊक. राजाने दातांत उपरण्याचं टोक धरलं. शब्द येत राहिले. शेवाळाशेजारी वेळूची एक नळी होती. थेंब थेंब पाणी साठे, नळी कलंडे, टक् असा आवाज होई, आणि ती पुन्हा वर जाई. राजा त्या टक्-पासून त्या टक्-पर्यंत एकेक शब्द ऐकू लागला. न सुनावता, न समजावता, न रडता. ऐकता ऐकता त्याला दिसायला लागलं, की बोलणारे कुणी राक्षस नव्हते. दमलेली, घाबरलेली, हरलेली साधी माणसं होती. त्याने त्याला धीर आला असता, पण आला नाही. साधी माणसंच असं बोलतात, हे कळून तो जास्तच खचला.

नऊ दिवसांत सगळे धोंडे बसले. कोपऱ्यात एकच उरला, लहानसा, पाटीएवढा. त्यातून एका तरण्या बाईचा आवाज आला, "जा, आणि परत येऊ नकोस."

तोमेच्या हातातलं सूप थांबलं. राजाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो आवाज पुरता ऐकला, तीनदा ऐकला. धोंडा वाळूत बसला.

सूप खाली ठेवून तोमे म्हणाली, "माझा नवरा कोळी होता. मासळी कमी आणली म्हणून मी तसं बोलले. तो मुळी परत आलाच नाही."

राजाच्या ओठावर सांत्वनाचे चार शब्द आले होते. त्याने ते गिळले. म्हातारीने मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

त्याच दुपारी क्रौंच आला. त्याची पिसं विस्कटली होती. "राजा, सावली पायाच्या अंगठ्याएवढी उरली. आता मी पुन्हा येईन तेव्हा सांगायला काही नसेल."

"तिसरं काम," तोमे म्हणाली. "आता आपलं ऐक."

राजा बसला. समोर पांढरी वाळू उन्हात डोळ्यांना झोंबत होती. शब्द देवदारावरून उतरला, ओसरीच्या कडेशी आला आणि राजाच्याच आवाजात म्हणाला, "तू जन्मलीच नसतीस तर बरं झालं असतं."

राजा म्हणाला, "मी रागात होतो."

शब्द देवळाच्या शिखराएवढा झाला. कौलं थरथरली.

राजाने पुन्हा मन घट्ट केलं. शब्द पुन्हा आला. या वेळी तोंड मिटलेलं होतं, पण आत मनात राजा म्हणाला, मी तिचा बाप आहे, माझा जीव आहे तिच्यावर. मनातलंही त्या शब्दाला ऐकू गेलं. तो एवढा वाढला की त्याची सावली सगळ्या बागेवर पडली, आणि क्रौंच किंकाळी फोडून आकाशात गेला.

तेव्हा राजाने आशा सोडली. मुलगी वाचेल ही आशा सोडली, आपण चांगले ठरू ही त्याहून जुनी आशाही सोडली. आता सावरायचं कुणासाठी आणि लपवायचं कुणापासून? तो नुसता बसून राहिला. शब्द तिसऱ्यांदा आला, आणि राजाने तो पहिल्यांदाच ऐकला.

त्याला तळघर दिसलं. खापऱ्या दिसल्या. रांजणाला मिठी मारलेली मुलगी दिसली, तिच्या कोपराला लागलेली माती दिसली. आणि त्याला ऐकू आलं, की तो आवाज रागाचा नव्हताच. तो थंड होता, खरा होता. तळघरात त्या एका क्षणी भद्रकेतूला खरोखरच असं वाटलं होतं, की ही नसती तर सुवेणी असती. बारा वर्षं हे त्याच्या पोटात होतं. घोड्यावर बसवताना होतं, लटका भात खाताना होतं. तोंड चुकलं नव्हतं. पोटातलं ओठावर आलं होतं. याला उत्तर नव्हतं, म्हणून राजाने दिलं नाही.

टक् करून वेळूची नळी कलंडली. शब्द लहान होत होत आला आणि वाळूत एक काळा धोंडा होऊन बसला. त्याच्याभोवती रेषा आपोआप वळल्या. देवदारातले किडे पुन्हा किर्र करू लागले.

"झालं?" राजाने विचारलं.

"तुझं इथलं झालं," तोमे म्हणाली. "मला अजून रोज झाडायचं असतं. जा."

राजाने तिला वाकून नमस्कार केला. दारातून जाताना त्याने घंटेकडे पाहिलंही नाही. क्रौंच आकाशातून खाली उतरला, त्याने राजाला पाठीवर घेतलं आणि सात समुद्र एका दिवसात ओलांडले.

राज्यात शाप सुटला होता. चौकात लोक एकमेकांना मिठाई देत होते, कानातले बोळे फेकून देत होते. नगारखान्यात नगारे झडायला लागले, ते राजाने हाताच्या इशाऱ्याने थांबवले. प्रधानाने राजमुकुट आणला, तोही त्याने बाजूला ठेवायला सांगितला, आणि तो थेट कुमुदाच्या महालात गेला.

ती खिडकीशी बसली होती. भिंतीवर तिची सावली पडली होती, पुरती, डोक्यापासून पायापर्यंत. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण सावली पुरती होती. राजा दाराशीच थांबला.

कुमुदा त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "बाबा, आता ते ऐकू येत नाही."

राजा पुढे आला.

"पण मला ते पाठ झालंय."

भद्रकेतू तिच्यापासून दोन पावलांवर उभा राहिला. कालजिव्हाचा शाप मोडता येत होता. यावर कुठल्या बेटावर कुठली बाग होती? त्याच्या जिभेवर सगळं तयार होतं: मी समुद्र ओलांडला, माझे पाय भाजले, मी नऊ दिवस, बाळ, नऊ दिवस. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

कुमुदाने थोडा वेळ वाट पाहिली. तो काही बोलणार, अशी तिची खात्री होती. तो बोलला नाही, तेव्हा तिने हळूच विचारलं, "तुम्हाला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं ना?"

"हो," राजा म्हणाला.

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मग ती बोलायला लागली. आधी तुटक, मग धो धो. आई गेली ती माझ्यामुळे, हे दासी कुजबुजायच्या ते मला लहानपणापासून ऐकू येतं. तुम्ही माझ्या वाढदिवसाला दरवर्षी शिकारीला जायचात. तुम्ही माझ्याकडे पाहताना माझ्या मागे कुणाला तरी शोधायचात. मी रांजण धरून ठेवला, कारण आईचा आवाज तुम्हाला मिळाला असता तर तुम्हाला माझी गरजच उरली नसती. मी तो मुद्दाम पाडला असेल, मलाच माहीत नाही. मला तुमचा राग येतो. मला तुमचा फार राग येतो, बाबा.

राजा ऐकत होता. एकेका वाक्यावर त्याच्याजवळ उत्तर होतं, आणि तो एकही देत नव्हता. दाराशी प्रधान दोनदा येऊन परत गेला. उन्हं भिंतीवरून जमिनीवर उतरली. बोलून बोलून मुलीचा घसा बसला, आणि शेवटी ती थांबली. ती त्याच्या गळ्यात पडली नाही. तिने त्याला माफही केलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

राजा उठला. मुदपाकखान्यात स्वतः गेला, आचाऱ्याला बाजूला सारून त्याने भात वाढून घेतला, वर तूप घातलं, आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. कुमुदाने चार घास खाल्ले. मग आणखी दोन खाल्ले. राजा समोर बसून राहिला.

पुढे राज्याची घडी बसली, पाऊस पडून मासे तळ्यात परत आले, आणि भद्रकेतूच्या दरबारात फिर्यादीचं बोलणं संपेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालू नये असा नियम झाला, राजानेही नाही. कुमुदाला तो शब्द आयुष्यभर पाठ राहिला, खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण त्या दिवसापासून रोज दुपारी ती बापाजवळ येऊन थोडं थोडं बोलू लागली. त्या दोघांचं ते बोलणं त्यांच्यापाशीच असू द्या. आपली कहाणी त्या भाताच्या ताटाशी पुरी झाली.